चार वाजता घरी आढळणे

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ब्लाझेना कुद्रनोवा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, चार रोहलीक पाव आणायला घराबाहेर पडल्या. पावाचं दुकान गल्लीच्या तोंडाशी कोपऱ्यावरच होतं. एवढ्याशा कामाला बूट कोण चढवणार, म्हणून पायांत घरातल्याच चौकड्याच्या लोकरी सपाता होत्या. सपाता घालून रस्त्यावर येणं आमच्या प्रागमध्ये शोभत नाही. पण पावाच्या दुकानापर्यंतचा रस्ता हा घराचाच भाग धरायचा, असा जुन्या माणसांचा आपसातला करार आहे, आणि त्याला आजवर कुणी हरकत घेतलेली नव्हती.

नऊ वीसला त्या जाळीच्या पिशवीत पाव घेऊन परतल्या, तेव्हा गल्लीच्या तोंडाला साखळी लागली होती.

ही बहिऱ्या घंटेची गल्ली. किल्ल्याच्या टेकडीच्या पायथ्याशी, दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर एकीने मिटावं इतकी अरुंद. तिच्या मध्यावर दारावर तीन दगडी मासे कोरलेलं घर आहे आणि त्याच्या तिसऱ्या मजल्यावर ब्लाझेनाबाई एक्कावन्न वर्षं राहत होत्या. साखळीपाशी नवा गणवेश घालून यार्दा उभा होता. हा यार्दा याच गल्लीत वाढला. लहानपणी ब्लाझेनाबाईंकडचे आलुबुखारा भरलेले उकडीचे गोळे हादडून त्याने एवढा देह कमावला होता.

"थांबा काकू. एकट्यानं आत जाता येणार नाही."

"अरे, मी घरी चाललेय."

"ते दिसतंय मला. पण आजपासून गल्ली फक्त गटांसाठी. मोजून पंचवीस माणसं आणि पुढे परवाना असलेला मार्गदर्शक. पाटी वाचा."

"यार्दा, तू मला ओळखत नाहीस का रे?"

"ओळखतो की. पण ओळख म्हणजे काही कागद नव्हे, काकू."

इथे खरं सांगायला हवं. या साखळीची पहिली कडी खुद्द ब्लाझेनाबाईंनीच ओवली होती. तीन वर्षांपूर्वी गल्लीतल्या अकरा बिऱ्हाडांनी वारसा व वर्दळ नियमन कचेरीला अर्ज दिला होता, की पाहुण्यांच्या गर्दीमुळे आम्हाला स्वतःच्या दारातून बाहेर पडता येत नाही, तरी बंदोबस्त व्हावा. पहिली सही ब्लाझेनाबाईंची. कचेरीने अर्जाची गंभीर दखल घेतली आणि गल्लीत दोन माणसं खुर्च्या टाकून बसवली. त्यांनी तीन वर्षं बसून पाहिलं. गट येतात, वर बघतात आणि सहा मिनिटांत निघून जातात. उलट काही एकटीदुकटी माणसं दिवसातून चार-चारदा ये-जा करतात, पायऱ्यांवर बसून गप्पा हाणतात, खिडकीतून गाद्या झटकतात, आणि काहींनी तर वारसा-भिंतीवर चड्ड्या वाळत घातल्याचंही आढळलं. निष्कर्ष उघड होता. उपद्रव गटांचा नसून एकट्या माणसांचा आहे. तेव्हा एकट्या माणसांना बंदी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की या फाशीला तीनशे पानांचा अहवाल जोडला होता.

अहवाल येईतो अर्जातली दहा बिऱ्हाडं उठलीही होती. कुणी देवाघरी गेलं, कुणी शहराच्या टोकाला मुलाच्या इमारतीत गेलं, आणि त्यांच्या जागा चार दिवसांच्या पाहुण्यांना देण्यात आल्या. राहिल्या होत्या त्या एकट्या ब्लाझेनाबाई.

"रहिवाशांना पास मिळणार होता ना?" त्यांनी विचारलं.

"मिळणार ना. ज्यांची तपासणी झाली त्यांना. तुमची कधी आहे?"

ब्लाझेनाबाईंनी एप्रनच्या खिशातून कागद काढला. आठवडाभर तो खिशातच होता. 'मंगळवार, दुपारी ठीक चार वाजता. सदर इसम राहत्या जागी प्रत्यक्ष आढळणे आवश्यक. न आढळल्यास जागा रिकामी आहे असे समजून तिचा पुढील विनियोग करण्यात येईल. तपासणीच्या वेळी इसमाच्या पायांत घरच्या सपाता असाव्यात. बूट घातलेला इसम पाहुणा समजला जाईल.'

हे शेवटचं वाक्य अनुभवाने आलेलं होतं. जागा पाहुण्यांना देऊन स्वतः भलतीकडेच राहणारे मालक तपासणीच्या दिवशी धापा टाकत यायचे आणि सोफ्यावर बसून आपण इथलेच म्हणायचे. ते पायांवरून पकडले जात. आमच्याकडे घराला आग लागली तरी माणूस उंबऱ्यात बूट काढतो आणि मग आत विझवायला धावतो. घरात बूट घालणारा माणूस घरचा नसतो, हे प्रागमध्ये न्यायालयालाही पटवून द्यावं लागत नाही.

"म्हणजे चारला घरी नसले तर घर गेलं," ब्लाझेनाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम लहान झाला.

यार्दाने इकडेतिकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता, नोकरीत होता इतकंच. "असं करा. आज एकच गट आहे, श्पाचेक सरांचा. पावणेचारला इथून जायचाय. त्यांना एक माणूस कमी पडतोय. दहा वाजता घड्याळापाशी जमतायत. पळा."

"पावणेचारला मी इथंच येऊन मिळते की त्यांना."

"छे! गट सकाळी मोजतात. सकाळी मोजली तीच डोकी इथून आत आणि तिकडच्या टोकाने बाहेर. मध्येच घुसलेलं डोकं चालत नाही."

घर साठ पावलांवर होतं. तिथे पोचण्यासाठी ब्लाझेनाबाईंना अख्खं प्राग बघून यावं लागणार होतं. त्यांनी अडतीस वर्षं ट्राम चालवली होती आणि खुणेचा दिवा लागल्याशिवाय एकदाही पुढे काढली नव्हती. नियमाशी भांडण्याची सवय नव्हती, आणि असती तरी वेळ नव्हता. सपातांनिशी त्या ट्रामच्या थांब्याकडे निघाल्या.

घड्याळाच्या बुरुजाखाली श्पाचेक सर डाव उंच धरून उभे होते. आमच्याकडचे मार्गदर्शक छत्री, झेंडा, लोकरीचा मासा, हाताला येईल ते उंचावून चालतात. सरांनी स्वयंपाकाचा लाकडी डाव लाल फितीने काठीला बांधला होता. त्यांनी तो प्रत्येकाच्या डोक्यावरून नाचवत मोजणी केली. बावीस पाहुणे, तेविसावा उशिरा धावत आलेला. चोविसावे एक करड्या कोटातले गृहस्थ, बगलेत चामडी पिशवी, कुणाशी एक शब्द नाही. पंचविसाव्या डोक्याशी डाव आला तेव्हा सरांना गहिवरून आलं.

"देवासारख्या आलात हो बाई! चोवीसवर दिवस बुडणार होता माझा." त्यांनी बाईंच्या छातीवर पंचवीस आकड्याची गोल चिकटपट्टी लावली आणि ऐकायचं यंत्र कानात खुपसलं. "आता काढायचं नाही. मी सोडेपर्यंत तुम्ही गटात."

"मला चारला घरी पोचायचंय."

"सगळ्यांनाच पोचायचं असतं," सर म्हणाले आणि पुढे झाले.

दहाचे ठोके पडले. वरच्या झरोक्यांतून प्रेषित फिरले, सांगाड्याने घंटा ओढली. चौकातल्या चारशे माणसांनी चारशे फोन वर धरले आणि सगळा प्रकार फोनला दाखवला. स्वतः ते घरी गेल्यावर पाहणार होते. सरांनी घड्याळ बनवणाऱ्या कारागिराची कथा सुरू केली. राजसभेने त्याचे डोळे काढले, मग उजवा हात तोडला, आणि शेवटी, पाहुण्यांची चुळबुळ दिसताच, जीभसुद्धा छाटली.

"हे असलं काही आम्हाला शाळेत नव्हतं," ब्लाझेनाबाई पुटपुटल्या.

"शाळेत मीच होतो," सर हलक्या आवाजात म्हणाले. "बावीस वर्षं इतिहास शिकवला, आणि तोही खरा. पोरं पेंगायची. इथं एक हात तोडला की पंचवीस माणसं खडबडून जागी होतात. बोला, शिक्षक म्हणून मी कधी यशस्वी झालो?"

पुलावर गट पुतळ्यापुतळ्याशी थांबत चालला. एका पुतळ्याखालच्या पितळी पट्टीला हात लावला की माणूस प्रागला परत येतो म्हणतात, म्हणून तिथे रांग होती. ब्लाझेनाबाईंना परत यायचं नव्हतं, फक्त पोचायचं होतं. तरी त्यांनाही रांगेत उभं केलं, कारण रांग गटाची होती. तिथे अकरा नंबरच्या बाईंचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. ही इंगर, डेन्मार्कहून आलेली निवृत्त परिचारिका, स्वभावाने फार प्रेमळ.

"या सपाता पारंपरिक आहेत का?" तिने सरांना विचारलं.

सरांनी एक क्षण विचार केला. "अतिशय. चौदाव्या शतकापासून."

"गेल्या वर्षी बाजारातून घेतल्यात! काय वाट्टेल ते सांगतोयस!" ब्लाझेनाबाई आपल्या भाषेत कडाडल्या.

"काय म्हणाल्या त्या?" इंगरने विचारलं.

"आजीकडून आल्यात म्हणतात."

इंगरने डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि बाईंना चेक भाषेतले दोन-तीन शब्द जुळवून विचारलं, तुम्ही इथल्याच? ब्लाझेनाबाईंनी पिशवी वर करून दाखवली, पाव दाखवले, टेकडीकडे बोट केलं. "इथलीच हो. घरी चाललेय. सकाळपासून."

"या बाई," सरांनी यंत्रातून सर्वांना सांगितलं, "पाव घेऊन घरी निघालेल्या प्रागच्या गृहिणीची भूमिका करत आहेत."

गटाने टाळ्या वाजवल्या. इतकं हुबेहूब काम कुणी पाहिलं नव्हतं. त्यानंतर पुलावरच्या तीसही पुतळ्यांकडे पाठ करून लोक सपातांचे फोटो काढू लागले. ब्लाझेनाबाई चिडल्या की फोटो आणखी चांगले येत होते.

पुढे पारंपरिक भोजन. तळघरात बसवून सगळ्यांपुढे निखाऱ्यावर भाजलेली, साखर लावलेली, पोकळ नळकांड्यासारखी गोड पावरोटी आली, आत आईसक्रीम भरलेली. 'तीनशे वर्षांची अस्सल चव' असं भिंतीवर लिहिलं होतं. ब्लाझेनाबाईंनी ही परंपरा पहिल्यांदा पाहिली ती वयाच्या पासष्टाव्या वर्षी, तीही ट्रामच्या काचेतून. त्यांनी पिशवीतला रोहलीक काढला तेव्हा वाढपी धावत आला.

"बाहेरचं इथं खायचं नाही, बाई."

"हे बाहेरचं? आणि हे तुझं काय आहे?"

"हे पारंपरिक आहे," तो म्हणाला. त्याला नीट चेक बोलता येत नव्हतं, म्हणून वाद तिथेच थांबला. बाईंनी रोहलीक पिशवीत परत ठेवला आणि भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता.

अडीचला गट किल्ल्याच्या तटावर पोचला. खाली सगळी लाल कौलं पसरलेली. ब्लाझेनाबाईंना आपलं धुराडं लगेच सापडलं. धुराड्याखाली खिडकी, खिडकीत जिरेनियमची कुंडी, आणि कुंडीशेजारी एक पिवळा ठिपका. तो त्यांचा बोका, बिवोय. सकाळपासून उपाशी. त्याच खिडकीत ओल्द्रिख, त्यांचे यजमान, शेवटचे सहा महिने खुर्ची टाकून बसले होते. खालून जाणाऱ्या माणसांच्या टोप्या मोजायचे. गेले तेव्हा एकोणीस हजारांवर होते. ब्लाझेनाबाईंचा आतापर्यंतचा सगळा ताठा उतरला आणि त्या तटाच्या दगडावर टेकून रडू लागल्या.

इंगरने फोटो काढला नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. तिने रुमाल पुढे केला.

"माझं घर आहे ते," बाई कुणाला न कळणाऱ्या भाषेत म्हणाल्या. "तीन माशांचं. आज चारला मी तिथं नसले तर काढून घेणार."

ही भाषा गटात सरांखेरीज आणखी एका माणसाला कळत होती. चोवीस नंबरचे करडे गृहस्थ दचकून वळले.

"तीन माशांचं घर? तिसरा मजला? कुद्रनोवा, ब्लाझेना?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

त्यांनी टोपी काढली. "कोप्रिवा. वारसा व वर्दळ नियमन कचेरी, तपासनीस. चार वाजता तुमच्याकडेच यायचं होतं. मी एकटा ना! जागा आधी पाहून ठेवावी म्हणून सकाळी आलो, तर तुमच्या यार्दानं साखळीपाशी अडवलं. म्हटलं, अरे हा नियम आमच्याच कचेरीचा. म्हणाला, मग तर तुम्ही आधी पाळायला हवा, आणि या गटात धाडलं."

ब्लाझेनाबाईंच्या जिवात जीव आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्यांनी कोप्रिवा साहेबांचा हात धरला. "मग झालंच की! ही मी. सापडले तुम्हाला. लिहून टाका."

कोप्रिवा साहेबांनी हात हळूच सोडवून घेतला. "बाई, आत्ता मी तुम्हाला पाहिलेलंच नाही. आत्ता दोन पंचावन्न झालेत आणि तुम्ही घरी नाही आहात. मी हे लिहिलं तर तुमच्याच विरुद्ध जाईल. चारला, घरी. आपण दोघंही तिकडेच चाललोय. काळजी कशाला?"

काळजीचं कारण श्पाचेक सरांनी सांगितलं. ते डाव खाली करून मागेच उभे होते. "घरात शिरायचं म्हणताय? गल्लीत आत जाताना पंचवीस, बाहेर पडताना पंचवीस. तीन पावलांपेक्षा दूर कुणी जायचं नाही. मागे आमच्या एका पोर्तुगीज गृहस्थांना देवळातल्या बाकावर झोप लागली. गट चोवीसचा झाला. दीड महिना मला कानातली यंत्रं पुसायला बसवलं होतं. दुसऱ्यांदा आकडा चुकला की परवाना कायमचा जातो. बाई, तुम्ही आत गेलात तर मी बाहेर."

"मी वर जाते, आढळते, आणि लगेच खाली येते," ब्लाझेनाबाई म्हणाल्या.

"किती पायऱ्या?"

"बासष्ट."

सरांनी त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

यार्दाने साखळी काढली तेव्हा तीन त्रेपन्न झाले होते. त्याने पंचवीस डोकी मोजली आणि ब्लाझेनाबाईंना डोळ्यानेच शाबासकी दिली. तीन माशांच्या दारापुढे गट थांबला, कारण त्या दाराला सहा मिनिटं मंजूर होती. वरून बिवोयने खाली पाहिलं आणि ओरडायला सुरुवात केली. ब्लाझेनाबाईंच्या मुठीत किल्ली होती. दार दोन हातांवर होतं. दाराच्या आणि त्यांच्या मध्ये सर डाव आडवा धरून उभे होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

चारचे ठोके पडले. कोप्रिवा साहेबांनी पिशवीतून तपासणीचा छापील अर्ज काढला, दाराशी गेले आणि तिसऱ्या मजल्याची घंटा दाबली. मग शिस्तीत थांबले. पुन्हा दाबली.

"कोणी उघडत नाही," ते म्हणाले.

"कोण उघडणार? मी इथं आहे!"

"मग आत कोण?"

"कोणी नाही. बोका."

"बोक्याची वेगळी नोंद असते." त्यांनी ती केली. मग पेन अर्जावर तसंच धरून ठेवलं. माणूस सज्जन होता. निवृत्तीला पाच महिने राहिले होते, आणि रडणाऱ्या बाईला समोर ठेवून 'नाही' लिहायची त्याला इच्छा होत नव्हती. पण लिहायला दुसरं काही दिसत नव्हतं.

तेवढ्यात ब्लाझेनाबाईंनी एप्रनच्या खिशातून कागद ओढून काढला आणि त्याच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे वाचा. मोठ्यानं."

"बूट घातलेला इसम पाहुणा समजला जाईल," कोप्रिवा साहेबांनी वाचलं.

"आणि माझ्या पायांत काय आहे?"

साहेबांनी पाहिलं. अख्खं प्राग तुडवून सपातांची वाट लागली होती. एकीचा लोकरी गोंडा पुलावर पडला होता, दुसरीतून अंगठा डोकावत होता. पण त्या सपाता होत्या, आणि घरच्या होत्या.

"सपातांतला इसम पाहुणा नाही," ते सावकाश म्हणाले. "पाहुणा नाही तो घरचा. घरचा माणूस सपातांत, चार वाजता, दारापाशी..." त्यांचा चेहरा उजळत गेला. "बाई, तुम्ही घरी आहात!"

"आहेच मुळी!"

साहेबांनी ठसठशीत अक्षरात 'आढळल्या: होय' असं लिहिलं. ब्लाझेनाबाईंनी त्यांच्या गालाचा मुका घेतला, सरांनी डावाच्या लाल फितीने स्वतःचे डोळे पुसले, आणि काय झालं ते न कळताही गटाने टाळ्या वाजवल्या. मग बाईंना एकाएकी जाणवलं, की आपण घरी आहोत आणि चोवीस माणसं बुटांसकट आत उभी आहेत.

"ए! बूट काढा!" त्या गरजल्या. आईने शिकवलेलं वळण, ते काही जायचं नाही.

सरांनी भाषांतर केलं, आणि या खेपेला त्यात स्वतःचं काही घातलं नाही. सरांचा धरून पंचवीस जोड भिंतीशी ओळीने लागले. कोप्रिवा साहेबांच्या डाव्या मोज्याला भोक होतं. ब्लाझेनाबाईंनी चारही रोहलीक मोडून सगळ्यांच्या हातांवर तुकडे ठेवले. सकाळचा शिळा पाव, वर काही नाही. पण त्या दिवसात खाल्लेल्या सगळ्या परंपरांपेक्षा तो बरा लागला, असं इंगर पुढे बरेच दिवस सांगत होती. साहेबांनी अर्ज पुढे केला. बाईंचा चष्मा वर टेबलावर होता, म्हणून त्यांनी विश्वासाने सही केली. यार्दाने शिट्टी फुंकली, लोकांनी बूट चढवले, आणि पंचवीस माणसं पलीकडच्या टोकाने बाहेर पडली. पंचविसाव्या ब्लाझेनाबाई होत्या.

ती रात्र त्यांनी क्लाद्नो गावी बहिणीकडे काढली. पास चार दिवसांत मिळणार होता.

पास चौथ्या दिवशी खरोखरच मिळाला. आमच्या कचेऱ्यांविषयी लोक उगाच वाईट बोलतात. त्यावर छायाचित्र होतं, शिक्का होता आणि राहण्याचं ठिकाण होतं: 'बहिऱ्या घंटेची गल्ली, फरसबंदी, तीन माशांच्या दारासमोर.' कारण अर्जात 'कोठे आढळल्या' असा रकाना होता, आणि कोप्रिवा साहेबांनी उभ्या नोकरीत खोटं लिहिलं नव्हतं. त्याखाली दुसरा रकाना जागेचा होता. तिथे तितक्याच खरेपणाने लिहिलं होतं: 'तिसरा मजला. घंटा दोनदा वाजवली. उत्तर नाही. आत मनुष्य नाही. बोका एक.' दोन्हींखाली ब्लाझेनाबाईंची सही.

त्या कचेरीत गेल्या. खिडकीतल्या मुलीने कागद दोनदा वाचले. "पण आजी, तुमचा निवास मान्य झालाय की! अख्ख्या गल्लीत असा एकच पास निघालाय. आता एका माणसाला दोन निवास कसे देणार?"

"मी फरशीवर राहू?"

"राहणं तुमच्यावर आहे. फक्त पुढच्या तपासणीला तिथं आढळायला हवं, नाहीतर हाही निवास जाईल. तपासणी केव्हाही होते, पण चारच्या सुमारास. सपाता विसरू नका."

रिकाम्या जागेचा विनियोग यथावकाश झाला. कुंडी, पडदे आणि बोका सामानाच्या यादीत गेले. ब्लाझेनाबाई रोज दुपारी क्लाद्नोहून बस पकडून येतात, यार्दाला पास दाखवतात, पिशवीतून सपाता काढून घालतात आणि चार वाजता आपल्या निवासात उभ्या राहतात. श्पाचेक सरांचा गट त्याच वेळी येतो. बूट काढून पावाचा तुकडा हातावर घेणं आता कार्यक्रमात छापलेलं आहे. सर ती वेळ टाळू शकले असते. पण पाहुण्यांचा अभिप्राय या थांब्यालाच सर्वांत चांगला येतो, आणि सरांना परवाना टिकवायचा आहे.

आणि तुम्ही तर तिथे राहूनच आला आहात. तिसरा मजला, खिडकीत लाल फुलांची कुंडी, पायाशी घोटाळणारा पिवळा बोका. परत आल्यावर तुम्ही अभिप्राय लिहिलात, मराठीत, मनापासून: 'जागा स्वच्छ, किल्ला हाकेच्या अंतरावर, बोका फारच गोड. एकच गैरसोय. रोज दुपारी खाली एक म्हातारी सपाता घालून उभी असते आणि आपल्याच खिडकीकडे टक लावून बघत बसते. चहाच्या वेळी पडदा ओढून घ्यावा लागतो. एक तारा कमी.'

कचेरीने त्याचं भाषांतर करून घेतलं. उपद्रव एकट्या व्यक्तीचा आहे, हे अहवालाशी जुळत होतं. तक्रारीची गंभीर दखल घेतली गेली आहे. पुढच्या खेपेला याल तेव्हा पडदा ओढावा लागणार नाही.